फॉस्फरसवाचून भागवणारे प्लवक

बर्म्युडाभोवतीच्या सारगासो समुद्राचे पाणी इतके निळे आणि नितळ दिसते, कारण जीवांना पोसणारे क्षार त्यात जवळजवळ नसतातच. वरच्या थरातल्या लिटरभर पाण्यात अनेकदा एक मायक्रोग्रॅमही फॉस्फेट भरत नाही. सहारावरून येणाऱ्या धुळीतल्या लोहामुळे हवेतला नायट्रोजन बांधणाऱ्या जीवाणूंचे फावते, आणि टंचाई पडते ती फॉस्फरसची. तरीही प्रोक्लोरोकॉकस हा अतिसूक्ष्म जीवाणू इथे एकेका मिलिलिटरमध्ये हजारोंनी नांदतो. आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी मांडलेले प्लवकांतल्या कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरसचे 106:16:1 हे प्रमाण अटळ मानले, तर हे कोडे सुटत नाही. ते प्रमाण सरासरी आहे, जीवांवरचे बंधन नव्हे.

याचा पुरावा पेशीच्या पातळ पटलात आहे. एरवी या पटलात फॉस्फरसयुक्त मेद मुबलक असतो. वुड्स होल सागरविज्ञान संस्थेतल्या बेंजामिन व्हॅन मूय यांनी सहकाऱ्यांसह 2006 मध्ये दाखवले, की प्रोक्लोरोकॉकस त्याच्या जागी गंधकयुक्त मेद वापरतो आणि शोषलेल्या फॉस्फेटपैकी एक टक्काही फॉस्फरसयुक्त मेदावर खर्च करत नाही. गंधकाला तर तोटाच नाही. लिटरभर समुद्रजलात सल्फेट अडीच ग्रॅमहून जास्त असते. ट्रायकोडेस्मियम या नायट्रोजन बांधणाऱ्या जीवाणूची तऱ्हा वेगळी: कार्बनला घट्ट जखडलेला फॉस्फरसही तो तोडून घेतो.

प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या पेशींत गंधकी मेद मुळातच असतो, मग याला टंचाईवरचा उपाय का म्हणावे? आक्षेप रास्त आहे. पण फॉस्फेट तुलनेने जास्त असलेल्या दक्षिण प्रशांतात या मेदाचा वाटा सारगासोपेक्षा कमी आढळला. प्रयोगशाळेत थॅलॅसिओसिरा या डायटमला फॉस्फेट परत मिळताच तो पुन्हा फॉस्फरसी मेदाकडे वळतो. टंचाई सरली की उलटणारा बदल नुसता वारसा म्हणून सांगता येत नाही. काटकसरीला मर्यादा आहे, हेही खरे. डीएनए आणि आरएनएमधल्या फॉस्फरसला पर्याय नाही. एक जीवाणू तिथे आर्सेनिक वापरतो, हा 2010 मधला गाजलेला दावा दोन वर्षांतच फोल ठरला. पण पटलात वाचलेला फॉस्फरस नेमका डीएनए-आरएनएच्या कामी येतो. 2013 मध्ये जगभरच्या मोजमापांतून उष्ण, पोषक क्षारांची वानवा असलेल्या समुद्रांतले हे प्रमाण सुमारे 195:28:1 निघाले. म्हणजे तेवढ्याच फॉस्फरसवर तिथले प्लवक जवळजवळ दुप्पट कार्बन बांधतात. जी हवामान-प्रारूपे अजून रेडफिल्डच्या एकाच आकड्यावर चालतात, त्यांचा या समुद्रांतला कार्बनचा हिशेब चुकतो. तो आता दुरुस्त करायला हवा.