मंजूर नकाशा, मंजूर कर्ज

तयार सदनिका विकत घेणारा आणि स्वतःच्या मोकळ्या भूखंडावर घर बांधणारा, या दोघांनीही 'घर केले' असेच आपण म्हणतो. परंतु कायद्याच्या आणि कर्जव्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर ही दोन कृत्ये इतक्या भिन्न प्रकृतीची आहेत की, एकाचा अनुभव दुसऱ्याला फारसा उपयोगी पडत नाही. सदनिकेच्या बाबतीत जमिनीच्या मालकीची छाननी, नकाशांची मंजुरी, विकास शुल्काचा भरणा आणि शेवटचे भोगवटा प्रमाणपत्र हा सारा खटाटोप विकसकाच्या माथी असतो, आणि त्याने कसूर केलीच तर २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे ज्याला आपण सर्रास 'रेरा' म्हणतो त्याने, दाद मागण्याचे एक दार उघडे ठेवलेले आहे. जो मनुष्य आपल्या तीन-चार गुंठ्यांवर आपल्याच राहण्यासाठी भिंती उभारतो, त्याच्या प्रकरणी विकसक तोच आणि ग्राहकही तोच. विक्रीसाठी नसलेल्या घराशी रेराला कर्तव्य नाही, आणि ठेकेदाराने काम अर्धवट टाकून पळ काढला तर १८७२ चा करार कायदा नाहीतर ग्राहक आयोग, यांच्याच पायऱ्या चढाव्या लागतात. अशा माणसाने आरंभीच ध्यानात घ्यावे की परवानगी आणि पैसा या दोन वाटा त्याच्यापुरत्या निराळ्या नाहीत. कचेरीत मंजूर झालेला नकाशा हाच बँकेतील कर्जाचाही आधार असतो, आणि त्या नकाशाबाहेर एका खोलीपुरते जरी पाऊल पडले तरी दोन्हीकडून जाब विचारला जाऊ शकतो.

प्रारंभ अर्थातच जमिनीच्या कागदांपासून. सातबाऱ्यावर आपले नाव लागले म्हणजे आपण निर्वेध मालक झालो, ही समजूत महाराष्ट्रात फार खोलवर रुजलेली आहे. वस्तुतः तो उतारा म्हणजे महसुलाच्या आकारणीसाठी व वसुलीसाठी ठेवलेले दप्तर असून, त्यातील नोंदीने मालकी निर्माण होत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितलेले आहे. मालकी येते ती नोंदणीकृत खरेदीखताने, वाटपपत्राने वा वारसाहक्काने. आणि म्हणूनच बँकेचा वकील साधारणतः मागील ३० वर्षांच्या दस्तांचा शोध घेऊन, एकामागून एक फेरफार जुळतात की मध्येच एखादा निखळला आहे हे पाहून, मगच आपला अभिप्राय देतो. उतारा हाती घेतल्यावर खरेदीदाराची नजर क्षेत्रफळाच्या आकड्यावर खिळते; ती खिळावयास हवी भूधारणा पद्धतीवर आणि 'इतर हक्क' या रकान्यावर. 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा असेल तर ती जमीन शासनाच्या अनुमतीवाचून, आणि बहुधा नजराणा भरल्यावाचून, हस्तांतरित करता येत नाही, आणि जी जमीन विनासायास विकता येत नाही ती तारण म्हणून घेण्यास बँक का-कू करते यात नवल नाही. 'इतर हक्कां'त एखाद्या कुळाचे नाव, सोसायटीचा जुना बोजा, बहिणींचा हिस्सा अथवा विहिरीतील पाण्याची पाळी अशा कितीतरी गोष्टी वर्षानुवर्षे निमूटपणे वास करून असतात, आणि त्या नेमक्या कर्जाच्या अर्जाच्या वेळी जाग्या होतात.

कागदावरची जमीन आणि डोळ्यांपुढची जमीन एकच आहे याची खातरजमा करण्याचा मार्ग म्हणजे भूमी अभिलेख खात्याची मोजणी. शेजाऱ्याचा बांध हातभर सरकलेला असणे हा आपल्याकडे अपवाद नव्हे, आणि सामासिक अंतरे हद्दीपासून मोजावयाची असल्यामुळे बांधाची ती हातभर चूक पुढे घराच्या एका भिंतीवर येऊन बसते. मोजणीचे शुल्क भरून हद्दी कायम करून घेणे आणि मोजणी नकाशाची 'क' प्रत जवळ ठेवणे, यासारखा स्वस्त विमा दुसरा नाही. शेतजमिनीतून एखाद-दोन गुंठ्यांचा तुकडा घेणाऱ्याने तर १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आणि २००१ चा गुंठेवारीचा कायदा आपल्याला कोठवर लागू पडतात याची चौकशी इसारा देण्यापूर्वीच करावी; इसारा देऊन झाल्यानंतरची चौकशी बहुधा मनाच्या समाधानापुरतीच उरते.

यापुढे एक गोंधळ असा आहे की त्यात शिकलेसवरलेलेही सापडतात. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ चा, आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमही १९६६ चाच. दोहोंतही ४४ वे कलम अर्जाचे, परंतु पहिल्यातील अर्ज शेतीची जमीन अकृषिक वापरात आणण्याचा, तर दुसऱ्यातील अर्ज त्या जमिनीवर बांधकाम करण्याचा. 'जागा एनए आहे' एवढ्या एका वाक्यावर भूखंड विकले जातात आणि घेणाराही निर्धास्त होतो, जणू आता कुदळ मारावयाचेच काय ते राहिले. प्रत्यक्षात अकृषिक दर्जाने केवळ जमिनीचा वापर बदलतो, घराला परवानगी मिळत नाही. पहिल्या कायद्यात पुढे ४२ ब, ४२ क आणि ४२ ड ही कलमे घालून विकास आराखड्यातील, प्रादेशिक योजनेतील आणि गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील निवासी जमिनींना निराळ्या अकृषिक परवानगीतून सूट देण्यात आली, आणि हा दरवाजा उत्तरोत्तर अधिकच सैल होत चालला आहे. आपल्या गटाची सद्यःस्थिती काय, हे तलाठ्याकडून लेखी घ्यावे (२०२४ पासून त्यांचे पदनाम 'ग्राम महसूल अधिकारी' असे झाले आहे, लोकांच्या जिभेवरून तलाठी मात्र इतक्यात उतरेल असे वाटत नाही).

बांधकामाची परवानगी कोणी द्यावयाची, हे जागा कोठे आहे त्यावर ठरते. गावठाणात १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या ५२ व्या कलमाने तो अधिकार ग्रामपंचायतीचा. शहरात नगरपरिषदेचा वा महानगरपालिकेचा. पुण्यासारख्या महानगराच्या परिसरात प्राधिकरणाचा. गावठाणाच्या बाहेर, हमरस्त्यालगतच्या भूखंडासाठी सरपंचांच्या सहीचा ना हरकत दाखला दाखवून जर कोणी 'परवानगी आहे' असे म्हणू लागला, तर त्याला नमस्कार करून परत फिरावे. मुंबईसारखी काही क्षेत्रे वगळून उर्वरित राज्यासाठी डिसेंबर २०२० मध्ये एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली, आणि तिने लहान घरांची वाट निश्चितच सुकर केली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील छोट्या घरासाठी विहित नमुन्यात सूचना देऊन व शुल्क भरून मिळणाऱ्या पोचेवरच काम सुरू करता येते. मोठ्या भूखंडांना मात्र वास्तुविशारदाची वा परवानाधारक अभियंत्याची सही, सामासिक अंतरे, चटई क्षेत्र निर्देशांक आणि पोचरस्त्याची रुंदी या कसोट्या चुकत नाहीत. अर्ज दिल्यापासून ६० दिवसांत निर्णय कळविला नाही तर परवानगी मिळाली असे कायद्याने मानले जाते, हे खरे. परंतु ती मानीव परवानगी नियमांत बसणाऱ्या नकाशापुरतीच असते, आणि केवळ मौनाच्या आधारावर कर्ज देणारी बँक माझ्या पाहण्यात नाही. बँकेला शिक्का लागतो. परवानगी म्हणून मिळालेले प्रारंभ प्रमाणपत्र एक वर्षाचे असते, दरवर्षी मुदत वाढवीत आणखी तीन वर्षे नेता येते, आणि त्यानंतर नव्याने अर्ज करावा लागतो.

आता पैशाकडे वळू. अनधिकृत बांधकामांच्या एका प्रकरणात २००६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांनंतर रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना जे निर्देश दिले, ते स्वतः घर बांधणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी समजून घ्यावेत. ज्याचा स्वतःचा भूखंड आहे त्याने मंजूर नकाशाची प्रत दिल्यावाचून बांधकामाचे कर्ज मंजूर होत नाही. काम त्या नकाशाबरहुकूमच होईल असे प्रतिज्ञापत्र त्याला लिहून द्यावे लागते. काम पुरे झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत पूर्णत्वाचा दाखला आणण्याची जबाबदारी सर्वस्वी त्याची. आणि यात कसूर झाल्यास सारे कर्ज व्याजासह परत मागण्याचा अधिकार बँकेचा. कर्जाच्या कागदांवर सह्यांच्या भाऊगर्दीत हे प्रतिज्ञापत्रही उरकले जाते, आणि पुढे गच्चीवर एक खोली चढविताना किंवा सामासिक अंतरात जिना काढताना त्याची आठवण कोणालाच राहत नाही. नगररचना कायद्याच्या ५३ व्या कलमाखालील नोटीस येते तेव्हा मालक केवळ पालिकेचाच अपराधी नसतो, तो बँकेशी केलेला करारही मोडून बसलेला असतो. बदल करावयाचाच असेल तर तो विटा आणण्यापूर्वी सुधारित नकाशा मंजूर करून घेऊन करावा. त्यास वेळ लागतो, पण तो वेळ नंतरच्या खेपांहून खचित कमी असतो.

कर्ज किती मिळेल, हा त्यामानाने सरळ हिशेब आहे. ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत, अशी रिझर्व्ह बँकेने घातलेली मर्यादा आहे. खरी कोंडी रकमेची नसून क्रमाची आहे. ४० लाखांच्या अंदाजपत्रकावर ३२ लाख मंजूर झाले म्हणजे ३२ लाख हाती आले असे नव्हे. बहुधा आधी आपले ८ लाख जमिनीत घालावयाचे, जोते वर आले की बँकेचा अभियंता येऊन पाहणार, त्याच्या अहवालावर पहिला हप्ता सुटणार, पुढे स्लॅब, वीटकाम, गिलावा असे एकेक टप्पे पुरे होतील तसतशी रक्कम मिळणार. याचा अर्थ असा की प्रत्येक टप्पा आधी उधारीवर वा स्वतःच्या गंगाजळीतून उभा राहतो आणि बँक मागाहून येते. सेंट्रिंगवाल्याचा तगादा आणि बँकेच्या अभियंत्याची सवड यांच्या मधल्या पंधरवड्यात घरबांधणीची जितकी प्रकरणे नासतात तितकी व्याजदराने नासत नाहीत. यातच ज्यांना बँकेच्या अंदाजपत्रकात स्थान नसते असे खर्च येऊन मिळतात: मोजणी, विकास शुल्क, कूपनलिका, विजेची जोडणी, कुंपणाची भिंत, आणि बांधकाम चालू असताना राहत्या घराचे भाडे. अंदाजपत्रकाच्या किमान सातव्या हिश्शाएवढी रोकड या कामासाठी निराळी ठेवल्यावाचून पाया खोदू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर तर पंचांगही पाहावे लागते. मृगापूर्वी जोते भरून झाले नाही तर काम दिवाळीपर्यंत रखडते, आणि उचललेल्या रकमेवरील व्याज पावसासाठी थांबत नाही.

ठेका कसा द्यावा, यातही पैशाची एक बारीक गोष्ट आहे. केवळ स्वतंत्र निवासी घर बांधण्याच्या निव्वळ मजुरीच्या ठेक्यावर वस्तू व सेवा कर नाही. मालासकट ठेका दिला तर त्यावर १८ टक्के कर लागतो. मजुरीचा ठेका देऊन सिमेंट, लोखंड, वाळू स्वतः आणणे म्हणून स्वस्त दिसते, मात्र ज्याला रोज कामावर उभे राहणे शक्य नाही त्याची ही बचत मालाच्या नासाडीत निघून जाते. प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत स्वतः राहण्याच्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते, पण कर्ज घेतल्याच्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत घर पुरे झाले पाहिजे. नुसत्या भूखंडाच्या कर्जाला, त्यावर घर उभे राहीपर्यंत, ही सवलत नाही.

गावठाणातील माणसाची अडचण निराळी. त्याच्या पिढीजात घराला सातबारा नसतो. असतो तो ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चा उतारा, जो घरपट्टीची आकारणी सांगतो, मालकी नव्हे, आणि म्हणून चार पिढ्यांची वहिवाट असूनही बँकेच्या दारात तो रिकाम्या हाताने उभा राहतो. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत, आणि ग्रामीण गृहकर्जाच्या दृष्टीने अलीकडच्या काळातील हे सर्वांत मोलाचे काम आहे, असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही. ज्यांना कर्जाची ऐपतच नाही त्यांच्या घरकुलासाठी प्रधानमंत्री आवास योजनेतून सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे मूळ अनुदान आहे; तेही एकरकमी न देता, प्रत्येक टप्प्याचे स्थाननिश्चितीसह छायाचित्र पाहून, हप्त्याहप्त्यानेच दिले जाते.

घर उभे राहिले, रंग लागला, वास्तुशांत झाली, की भोगवटा प्रमाणपत्राचे कोणाला स्मरण राहत नाही, आणि घरभरणीच्या जेवणावळीवर जितका विचार होतो त्याचा शतांशही त्या कागदावर होत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा दाखला पाहिल्यावाचून इमारतीच्या तारणावर कर्ज देऊ नये आणि वीज, पाणी व मलनिःसारणाच्या जोडण्याही देऊ नयेत, असे बजावले आहे. आज त्याविना राहता आले तरी उद्या घर विकताना, किंवा मुलाला त्यावर कर्ज काढताना, प्रश्न उपस्थित होणारच. तेव्हा जोत्याच्या तपासणीचा दाखला मिळवून देणाऱ्या आपल्या परवानाधारक अभियंत्याकडूनच, काम ताजे असताना, पूर्णत्वाचा अर्ज दाखल करून घ्यावा.

कर्ज फिटल्यानंतरचीही एक बाब सांगून ठेवतो. १ डिसेंबर २०२३ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार संपूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांच्या आत मूळ दस्तऐवज परत करणे बँकेवर बंधनकारक असून, तिच्या चुकीने विलंब झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. म्हणून कर्ज घेतानाच, आपण कोणकोणते मूळ कागद बँकेच्या स्वाधीन केले त्यांची सहीशिक्क्याची यादी मागून घ्यावी. सातबाऱ्यावर वा मिळकत पत्रिकेवर बँकेचा बोजा चढलेला असेल, तर तो कर्ज फिटले म्हणून आपोआप उतरत नाही. बँकेचा फेडीचा दाखला जोडून बोजा कमी करण्याच्या फेरफाराचा अर्ज स्वतःच द्यावा, आणि नवा उतारा हाती पडेपर्यंत त्याचा पाठपुरावा सोडू नये.