घरात एकटी आजी

मुलांनो, दिवाळी सरली की आपल्या बीड जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्या-वस्त्या ओस पडतात. आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. पट्टा पडला की मार्च-एप्रिलात परततात. तुमच्यापैकी कोणी तोवर हंगामी वसतिगृहात राहतात, कोणी काकाकडे. मागे घर कोण राखते? आजी, नाहीतर आजोबा. काळजीने विचारले तर उत्तर ठरलेले, "मला काय व्हतंय? उभा जलम ह्याच घरात गेला!"

खरे आहे. पण घरात गॅस, वीज, मोबाइल नवे आले आणि आजीचे डोळे, कान, गुडघे जुने झाले. म्हणून कोणता धोका कसा येतो, ते आज सांगते. नुसते "जपून रहा" म्हणून भागत नाही. कारण कळले तर माणूस जपतो.

१) गॅस आणि शेगडी. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्केप्टन नावाचा उग्र वासाचा पदार्थ मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर न जाता जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचे बटण दाबायचे नाही, चालू असेल तर बंदही करायचे नाही. बटणातली बारीक ठिणगीसुद्धा भडका उडवते. चूल, देवापुढचा दिवा पेटता ठेवायचा नाही. रेग्युलेटर बंद करायचा, दारे-खिडक्या उघडायच्या, बाहेर यायचे आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर फोन करायचा.

थंडीत आजी कोळशाची शेगडी खोलीत घेते आणि दार लावते. हे फार वाईट, बरं का! बंद खोलीत कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला पत्ताच लागत नाही. शेगडी बाहेर ओसरीवर शेकायची आणि झोपताना घरात आणायची नाही.

२) साप. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार विषारी साप तुम्हांला ठाऊक आहेत. त्यांतली मण्यार रात्री फिरते, घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिचा दंश मुंगी चावल्यासारखा. कधी खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. तेव्हा आजीने खाटेवर झोपावे, मच्छरदाणी अंथरुणाखाली चहूकडून खोचावी, बॅटरी उशाशी ठेवावी. सरपण आणि गोवऱ्या भिंतीपासून दूर रचाव्यात.

चावलेच तर कापायचे नाही, चोखायचे नाही, दोरी आवळायची नाही, मांत्रिकाकडे न्यायचे नाही. हातपाय न हलवू देता दवाखान्यात न्यायचे. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. सापाच्या विषावरची लस घोड्याच्या रक्तापासून करतात. घोड्याला विषाचे अगदी थोडे थोडे डोस देतात आणि त्याच्या रक्तात उतारा तयार होतो. हा उतारा कोणत्याही मंत्रात नाही.

३) पाणी आणि वीज. न्हाणीत शेवाळ साचते, पाय घसरतो. दर आठवड्याला फरशी घासून द्यायची, हे काम तुमचे. न्हाणीला आतून कडी लावायची नाही, दार नुसते लोटायचे. आजी आत पडली तर मदतीला जाणार कसे? बादलीत हीटर असताना पाणी तापले का ते बोट घालून बघायचे नाही. आधी बटण बंद, मग पिन काढायची, मगच हात. मोबाइल गोफात ओवून गळ्यात अडकवावा. फोन फळीवर आणि आजी न्हाणीत, तर त्याचा उपयोग काय?

४) दारातला गोड माणूस. "आजी, दागिने फुकट उजळून देतो," असे म्हणत कोणी आले तर दार उघडायचे नाही. त्याच्या पाण्यात आम्लराज असू शकते. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांचे हे मिश्रण सोने विरघळवते. डोरले चकाकते, पण वजन घटते. दुसरा म्हणतो, "आम्ही पोलीस, पुढे चोर आलेत, दागिने पुडीत बांधा." पुडीत मागे खडे उरतात! खरा पोलीस असे सांगत नाही. तसेच बँक कधी फोनवर ओटीपी मागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला कळवायचे. इतर कोणत्याही संकटात ११२.

५) सकाळची खूण. आतापर्यंत सांगितले त्याहून मोठी गोष्ट आता सांगते. कुलूप कितीही भक्कम असो, पडलेल्या माणसाला ते उचलत नाही. उचलतो तो शेजारी. म्हणून प्रत्येक एकट्या घराची एक खूण ठरवू. आजी उठली की अंगणात सडा टाकते. शाळेत येताना तुम्ही त्या वाटेने या आणि सडा पडला का ते पहा. दिसला तर "आजी, येतो गं" म्हणून पुढे चला. दिसला नाही तर हाक मारा. ओ आली नाही, तर एकट्याने आत न शिरता शेजारच्या मोठ्या माणसाला बोलवा. शाळेला उशीर झाला तरी चालेल, मी रागावणार नाही.

आता काम सांगते. १०८, ११२, १९०६ आणि १९३० हे आकडे मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहा. खाली शेजाऱ्याचा नंबर लिहा. पुठ्ठा आजीच्या खाटेसमोर टांगा. आजीला वाचता येत नसेल तर आकड्यांशेजारी चित्रे काढा: गाडी, पोलीस, सिलिंडर, नोट. मग तिच्याकडून एकदा आकडे दाबायचा सराव करून घ्या, फोन न लावता. आणि सोमवारपासून कोणाची वाट कोणत्या अंगणावरून जाते, ते फळ्यावर लिहून काढू.