गमतीचे खोटे नाणे

पुराने भरलेला हमरस्ता, मोटारीच्या खिडकीतून टिपलेले दृश्य आणि मोटारीच्या शेजारून पोहत चाललेला शार्क! २०११ साली ‘आयरीन’ वादळानंतर हे छायाचित्र पोर्तो रिकोचे म्हणून सर्वत्र फिरले. २०१७ साली ‘हार्वे’ वादळात तेच ह्यूस्टनचे झाले. मित्राने मित्राला धाडले, दोघेही हसले. वस्तुतः तो शार्क रस्त्यावर कधी आलाच नव्हता. २००३ साली दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात टॉमस पेशाक या छायाचित्रकाराने एका छोट्या होडीमागे येणारा शार्क टिपला होता. त्यातला मासा तेवढा उचलून या पाण्यात सोडण्यात आला.

यात कोणाचे काय बिघडले, असे कोणी विचारील. पैसा गेला नाही, घटकाभर करमणूक मात्र झाली. या प्रश्नाचे उत्तर २०२२ सालाने दिले. त्या वर्षी ‘इयन’ वादळात फ्लॉरिडातील फोर्ट मायर्स येथे घराच्या परसात साचलेल्या पाण्यात शार्कसारखा मोठा मासा खरोखरच तडफडताना दिसला. त्याची चित्रफीत पाहून अनेकांना प्रथम जुन्या थापेचीच आठवण झाली. वृत्तसंस्थेच्या छाननीनंतर ती अस्सल ठरली.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण देऊन हेच दाखविले होते. खरा माल कोणता आणि खोटा कोणता हे गिऱ्हाइकाला ओळखता येईनासे झाले, की तो सर्वच मालाला कमी भाव देतो आणि चांगला माल बाजारातून उठतो. म्हणजे फसवणुकीची किंमत केवळ फसलेला देत नाही. प्रामाणिक विक्रेत्यालाही ती मोजावी लागते.

गमतीच्या चित्राला जामीन राहतो तो मित्र. चित्र कोठले, कधीचे, कोणी काढलेले, याची चौकशी कोणी करीत नाही; पाठविणारा ओळखीचा असतो, एवढे पुरेसे वाटते. म्हणूनच चित्र बनावट असल्याचे कळल्यावर मित्राचा मान राखून, पण स्पष्टपणे, त्याला तसे कळविणे हे मैत्रीचेच कर्तव्य होय. चारचौघांत त्याची फजिती करण्याचे कारण नाही. परंतु संकोचाने गप्प बसणेही योग्य नव्हे. उद्या धरणाचे पाणी सोडल्याची खरी सूचना त्याच मोबाइलवर, त्याच मित्राच्या नावाने येईल. ती वाचून लोकांनी हसू नये, यासाठी आजची ही चौकशी आवश्यक आहे.