गाणं थांबलं, गिऱ्हाईकही गेलं : वायफायवर पैसे घालण्याआधी एवढं तपासा



या आठवड्याच्या व्हिडिओत दुकानाच्या वायफायबद्दल बोललो. कमेंटमध्ये बऱ्याच जणांनी लिहिलं, "सर, स्टेप्स लिहून द्या, व्हिडिओ थांबवत थांबवत करायला जमत नाही." म्हणून हा लेख. मोबाईलवर उघडा, दुकानात उभे राहा आणि एकेक करून बघा.

आधी माझी फजिती सांगतो.

तुम्हाला माहीत आहे, माझं खाली दुकान आणि वर घर आहे. इंटरनेटची लाईन एकच. दुकानात दिवसभर हळू आवाजात गाणी चालू असतात. गेल्या वर्षी दसऱ्यापासून एक त्रास सुरू झाला. संध्याकाळी सात-साडेसातला गाणं मध्येच बंद पडायचं. मी म्हणायचो, "नेट गेलं वाटतं." राउटर बंद-चालू करायचो, गाणं परत सुरू. विषय संपला.

मग दिवाळीच्या आधीचा शनिवार आला. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. एका काकूंचं ६,४०० रुपयांचं बिल झालं. कार्ड मशीनमध्ये घातलं आणि मशीन नुसतं गोल गोल फिरत बसलं. एकदा, दोनदा, तीनदा. मी क्यूआर कोड पुढे केला. त्या म्हणाल्या, "मी ते फोनवरचं वापरत नाही हो. थांबा, एटीएममधून काढून आणते." पिशवी काउंटरवर ठेवून गेल्या. परत आल्या नाहीत.

सोमवारी मी काय केलं असेल? ३,२०० रुपयांचा नवा राउटर आणला आणि प्लॅन ५० एमबीपीएसवरून १०० वर नेला. महिन्याला ३०० रुपये जादा. पुढच्या शनिवारी काय झालं? गाणं बंद. कार्ड मशीन गोल गोल.

बीबीएला आम्हाला शिकवलं होतं, आधी प्रॉब्लेम नीट लिहून काढा, मग खर्च करा. मी तेच विसरलो होतो. शेवटी एक वही घेतली आणि आठवडाभर तीनच गोष्टी लिहिल्या : किती वाजता, काय बंद पडलं, आणि त्या वेळी काय चालू होतं. वहीनं जे सांगितलं ते ना टेक्निशियननं सांगितलं होतं, ना राउटर विकणाऱ्यानं. माझ्याकडे प्रॉब्लेम एक नव्हताच, दोन होते.

पहिली तपासणी : वायफाय बंद करा, मोबाईल डेटा चालू करा

गाणं थांबलं की राउटरला हात लावू नका. ज्या फोनवरून गाणं चालतं, त्याचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर तेच गाणं लावा.

डेटावर नीट चाललं, तर दोष वायफायमध्ये किंवा लाईनमध्ये. डेटावरही थांबलं, तर वायफायचा काही संबंध नाही. ॲप, अकाउंट, फोन किंवा स्पीकर बघा.

माझ्याकडे डेटावरही थांबलं! मग स्क्रीन नीट वाचली. गाणं दुसऱ्या डिव्हाइसवर चालू असल्याचा मेसेज होता. झालं असं होतं की भाचा शिकायला आमच्याकडे आला होता आणि त्याला मीच माझं अकाउंट वापरायला दिलं होतं. तो क्लासवरून सात वाजता येऊन वरती गाणी लावायचा. एकट्याच्या प्लॅनवर एका वेळी एकाच ठिकाणी गाणं चालतं. तो लावणार वर, थांबणार खाली. मी राउटर बंद-चालू करेपर्यंत त्याचं गाणं तुटायचं, म्हणून माझं सुरू व्हायचं. मला वाटायचं, राउटर सुधारला!

हिशोबही साधा आहे. चांगल्या क्वालिटीचं गाणं ३२० केबीपीएस घेतं, म्हणजे १ एमबीपीएसच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. तासाला साधारण १४४ एमबी. ५० चा प्लॅन गाण्याला कमी पडेलच कसा? हा प्रश्न मी ३,२०० रुपये घालवण्याआधी विचारायला हवा होता.

या पायरीवर अजून दोन गोष्टी बघा. एक, फोनचा बॅटरी सेव्हर. स्क्रीन बंद झाली की तो ॲपला झोपवतो. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला सूट द्या. दोन, ब्लूटूथ स्पीकर. फोन खिशात घालून तुम्ही गोडाऊनमध्ये गेलात तर आवाज तुटणारच. एखादा जुना फोन स्पीकरजवळच कायम ठेवा.

दुसरी तपासणी : राउटरजवळ आणि काउंटरवर

स्पीड टेस्ट दोनदा करा. एकदा राउटरपासून दोन पावलांवर, एकदा काउंटरवर.

जवळ चांगला आणि काउंटरवर खराब, तर लाईन ठीक आहे, सिग्नल पोचत नाही. राउटर स्टीलच्या कपाटामागे किंवा फ्रिजच्या वर आहे का बघा. मोकळ्यावर, उंच ठिकाणी लावा. बहुतेक राउटर दोन बँड देतात. २.४ गीगाहर्ट्झ लांब जातो, भिंतीतूनही बरा जातो, पण त्यावर गर्दी फार. शेजारच्या दुकानांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, सगळे तिथेच. ५ गीगाहर्ट्झ वेगवान, पण भिंत आली की दमतो. बाजारपेठेत दुकान असेल तर २.४ ला चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो निवडा. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत.

दोन्हीकडे खराब, तर पुढे चला. फायबरच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा लागला असेल, तर लाईन तुटली आहे. थेट कंपनीला फोन करा.

एक गोष्ट मात्र करू नका. राउटरमागच्या बारीक भोकात पिन घालून रीसेट करू नका. बंद-चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं. रीसेटमध्ये लाईनचं युजरनेम-पासवर्डही पुसलं जाऊ शकतं आणि मग टेक्निशियन येईपर्यंत दुकान बंद पडल्यासारखंच.

तिसरी तपासणी : अपलोड बघा

स्पीड टेस्टमध्ये आपण सगळे डाउनलोडचा आकडा बघतो आणि खूश होतो. खालचा अपलोडचा आकडा कोण बघतं? मी बघितला नव्हता. माझा प्लॅन ५० वरून १०० झाला, पण अपलोड आधीही ५ आणि नंतरही ५ च. जाहिरातीत तो आकडा नव्हता आणि मीही विचारलं नाही.

कार्ड मशीन शनिवारीच का अडकायचं? वहीत दोन्ही शनिवारी एकच नोंद होती : "संध्या. ७, व्हिडिओ अपलोड." होय, याच चॅनेलचा व्हिडिओ! २ जीबीची फाईल ५ च्या अपलोडला जवळजवळ तासभर घेते, आणि त्या तासात जायचा रस्ता पूर्ण भरलेला. मशीन बँकेला विचारणार कुठून? येणाऱ्या माहितीलाही "मिळालं" अशी पोच परत पाठवावी लागते. जायचा रस्ता तुंबला की यायचा रस्ताही रेंगाळतो.

म्हणजे लोकांना धंदा शिकवणारा व्हिडिओ चढवता चढवता मी स्वतःचं गिऱ्हाईक घालवलं. हसा, पण तुमच्याकडेही बघा. क्लाउडवर जाणारे सीसीटीव्ही कॅमेरे, लग्नाहून आल्यावर सगळ्या फोनचे फोटो बॅकअप, हे सगळं अपलोडच खातं.

मी काय बदललं

व्हिडिओ आता रात्री अकरानंतर चढतो. खर्च शून्य. कार्ड मशीनमध्ये सिम घालून घेतलं, वायफाय गेलं तरी व्यवहार होतो. घरच्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळं गेस्ट नेटवर्क काढलं आणि त्याला वेगाची मर्यादा घातली. राउटरला छोटा यूपीएस लावला. घेताना अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. प्लॅन परत ५० वर आणला. भाच्याला त्याचं स्वतःचं अकाउंट काढून दिलं.

आणि एक चूक कबूल करतो. दुकानात मी माझं घरचं अकाउंट लावत होतो. अशा ॲपच्या अटींमध्ये ते वैयक्तिक वापरासाठी असतं, दुकानासाठी नाही. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गिऱ्हाइकांसमोर गाणी वाजवायला हक्कदारांचा परवाना लागतो. गीत-संगीताच्या हक्कांचं काम आयपीआरएस पाहते, ध्वनिमुद्रणाच्या हक्कांचं पीपीएल. दुकान काढताना भाडं, वीज, पगार लिहिता ना? गाणी लावणार असाल तर ती ओळही खर्चात धरा. परवडत नसेल तर शांत दुकानही चालतं.

गृहपाठ

आजपासून सात दिवस वही ठेवा. वेळ, काय बंद पडलं, काय चालू होतं. सात दिवसांनंतरही नवा राउटर हवा असं वाटलं तर जरूर घ्या. पण माझ्या वहीत शेवटी खर्चाच्या ओळी दोनच निघाल्या, सिम आणि यूपीएस. बाकी सगळं फुकटात सुटलं.

त्या काकू? संक्रांतीला आल्या होत्या. मशीन पहिल्या झटक्यात चाललं. जाताना म्हणाल्या, "त्या दिवशी परत येणार होते हो, पण बाजूच्या दुकानात कार्ड चाललं."

एवढं एक वाक्य ऐकलं आणि हा व्हिडिओ करायचं ठरवलं. भेटू पुढच्या आठवड्यात. अपलोड रात्री अकरानंतरच!