सशाच्या मादीचा आहार

पुण्याच्या उत्तरेस, इंद्रायणीच्या तीरावर चऱ्होली बुद्रुक हे गाव वसले आहे. आळंदी येथून जवळच आहे. आता हे गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले असून शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. तथापि दख्खनच्या माळांवर हिंडणारा रानससा आपल्या परिचयाचा आहे. त्याची पिल्ले जन्मतःच केसाळ असतात व त्यांचे डोळे उघडे असतात. पिंजऱ्यात पाळला जाणारा ससा मात्र निराळा. तो मूळचा स्पेनकडचा व बिळात राहणारा. त्याची पिल्ले जन्मतात तेव्हा त्यांच्या अंगावर केस नसतात, डोळे मिटलेले असतात आणि प्रत्येकाचे वजन जेमतेम ५०-६० ग्रॅम भरते.

अशी सात-आठ दुबळी पिल्ले मादीला एकाच वेळी वाढवावयाची असतात. आश्चर्य असे, की ती दिवसातून बहुधा एकदाच, आणि तेही तीन-चार मिनिटे, त्यांना पाजते. एवढ्यावर पिल्ले तगतात कशी? याचे उत्तर तिच्या दुधात आहे. गाईच्या १०० ग्रॅम दुधात सुमारे ४ ग्रॅम स्निग्धांश असतो, म्हशीच्या दुधात सुमारे ७ ग्रॅम. सशाच्या मादीच्या दुधात तो १२ ग्रॅमांहूनही अधिक असतो. म्हणून आठवडाभरातच पिल्लांचे वजन दुप्पट होते. तिसऱ्या आठवड्यात चार किलो वजनाची मादी दररोज २०० ग्रॅमांहून अधिक दूध देते.

आता हा स्निग्धांश येतो कोठून, ते पाहू. गवत व लसूणघास यांत तो फार थोडा असतो. मादीचे पोट लहान. त्यात चारा मावून मावून किती मावणार? मग ती आपल्या अंगावरची चरबी झिजवून दूध पुरवते. पहिल्याच वेताची मादी तर स्वतःही अजून वाढीच्या वयात असते. तिची झीज अधिक होते.

आपल्याकडे बाळंतिणीला तूप घातलेले डिंकाचे व अळिवाचे लाडू देतात. दुभत्या म्हशीपुढे सरकीची पेंड ठेवतात. सशाच्या मादीलाही असेच काही द्यावे, हा विचार साहजिक होता. एक ग्रॅम पिष्टमय पदार्थापासून सुमारे ४ उष्मांक मिळतात, तर एक ग्रॅम तेलापासून ९. म्हणजे तेवढ्याच घासात बळ दुपटीहून अधिक. शिवाय स्निग्ध पदार्थ पचताना अंगात उष्णता कमी उत्पन्न होते. उन्हाळ्यात ससा खाणे कमी करतो, तेव्हा हा गुण मोलाचा ठरतो.

स्पेनमधील वॅलेन्सिया व इटलीतील पादुआ येथील संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात खाद्यात तेल वा चरबी मिसळून अनेक प्रयोग केले. मादीला अधिक बळ मिळाले, दूध वाढले, पिल्ले चांगली भरली. परंतु मादीची झीज काही थांबली नाही! जे अधिक मिळाले, ते बहुतेक सारे तिने दुधावाटे पिल्लांना देऊन टाकले. आईचा स्वभावच तो, असे आपण म्हणू. शास्त्रज्ञ मात्र म्हणतात, की तिच्या शरीरात त्या काळी दुधाला अग्रक्रम असतो.

तेव्हा तेल वाढवीत जावे काय? तसेही नाही. सशाच्या मोठ्या आतड्याच्या आरंभी एक मोठी पिशवी असते. तीत असंख्य सूक्ष्म जंतू चोथा पचवतात. चारा कमी करून नुसते सकस खाद्य दिले, तर तेथील व्यवस्था बिघडते व हगवण लागते. तेल फार झाले तर खाद्याच्या गोळ्या भुसभुशीत होतात आणि साठवणीत खवट होतात. दूध न देणारी मादी असे खाद्य खाऊन लठ्ठ होते. मग ती गाभण राहण्यात व विण्यात अडचणी येतात.

मादी ३१ दिवसांत विते आणि व्याल्यावर लगेच पुन्हा गाभण राहू शकते. लोभी मालकाला हे सोयीचे वाटते, पण मादीची झीज भरून काढावयाची तर खाद्याबरोबर तिला दोन वेतांमध्ये विसावाही हवा. तो किती हवा, हे जाणता पाळणारा हाताने ओळखतो. पिल्ले तोडल्यावर तो मादीच्या पाठीवरून हळूच बोटे फिरवतो. कण्याचे मणके बोटांना टोकदार लागले, तर तो तिला आणखी काही दिवस नराजवळ सोडत नाही.