कापड : चिंधीपासून आहेरापर्यंत

गिरणाकाठचे भडगाव हे खानदेशातील कापूसपट्ट्यातले तालुक्याचे गाव. काळ्या जमिनीत कापूस पिकवायचा आणि त्याच्या पैशातून लग्नसराईचे कापड घ्यायचे, हा येथील शेतकरी कुटुंबांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. साहजिकच कापसापासून होते ते ‘कापड’, असा समज सर्वत्र आढळतो. कोणी त्याचा संबंध ‘कापणे’ या क्रियापदाशीही जोडतो. व्युत्पत्तीच्या दृष्टीने मात्र हे दोन्ही तर्क टिकत नाहीत.

‘कापूस’ हा शब्द संस्कृत ‘कर्पास’ किंवा ‘कार्पास’ यावरून आला. ‘कापड’ आले ते ‘कर्पट’ या वेगळ्या शब्दावरून. कर्पटचे प्राकृतात ‘कप्पड’ झाले आणि मराठीत जोडाक्षर सुटून आधीचा स्वर दीर्घ झाला. सप्तचे सत्त व सात, कर्मचे कम्म व काम झाले, तसेच हे. कापडाचा ‘कपडा’ हा भाऊ हिंदीच्या वाटेने आला. म्हणून त्यातील ‘क’ ऱ्हस्वच राहिला.

खरी गंमत अर्थात आहे. कर्पट म्हणजे भरजरी वस्त्र नव्हे, तर फाटके, ठिगळ लावलेले जीर्ण वस्त्र, चिंधी. असे वस्त्र पांघरून तीर्थे हिंडणारा तो ‘कार्पटिक’. जुन्या मराठीत त्याचाच ‘कापडी’ झाला. गंगेची कावड वाहून नेणाऱ्या यात्रेकरूला कापडी म्हणत; त्याचा कापडविक्रीशी संबंध नव्हता. ‘कपडालत्ता’ या जोडशब्दातील ‘लत्ता’ म्हणजेही मुळात चिंधीच. गरिबाच्या अंगावरचा शब्द असा हळूहळू साऱ्या समाजाचा झाला. ‘वस्त्र’ हा शब्द मात्र देवपूजेत, ग्रंथांत आणि ‘वस्त्रगाळ’ चूर्णात मानाने राहिला.

आजच्या मराठीत कापड आणि कपडे यांत स्पष्ट भेद आहे. ताक्यावरून मापून, पन्हा पाहून घेतले जाते ते कापड. शिंप्याकडून शिवून येतात ते कपडे. पूर्वी हे माप वारात होते. मीटर येऊन अनेक दशके लोटली, तरी ‘नऊवारी’ने वार जिवंत ठेवला आहे. कापडचोपड, मेणकापड, कापडगिरणी, कापडबाजार असा या शब्दाचा गोतावळाही मोठा आहे. लग्नातील आहेर असो वा दुखवट्यात सोयऱ्यांनी आणलेले लुगडे-धोतर, कापडावाचून नाते पुरे होत नाही.

कापसाच्या नावाने तर समुद्रही ओलांडला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदराच्या परिसरातील कापसाला ‘कार्पासोस’ म्हटले आहे. लॅटिनमध्ये त्याचे ‘कार्बासुस’ झाले. ‘कॉटन’ हा शब्द मात्र अरबी ‘कुत्न’वरून युरोपात गेला.

खानदेशात कापूस आणि कापड यांतील अंतर कमी करण्याचे प्रयत्नही झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठ यांनी कापडगिरणी उभारली. १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, त्या काळात खादी हा राष्ट्रीय चळवळीचा मोठा आधार होता. शेतात पिकलेल्याचे गावातच कापड व्हावे, हा विचार खादीमागे होता. आजही बहुतांश शेतकरी कापूस विकतो क्विंटलने आणि कापड घेतो मीटरने; मधला सारा नफा तिसऱ्याच्याच पदरात पडतो.

तयार कपड्यांच्या रेट्यात दुकानांच्या पाट्यांवरून ‘कापड’ मागे पडून ‘रेडिमेड’ पुढे आले. मात्र मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि ‘कापडी पिशवी’ पुन्हा चर्चेत आली. जुन्या लुगड्याची, धोतराची पिशवी शिवणाऱ्या घराघरांतील हातांना त्याचे नवल वाटले नसेल. चिंधी वाया न घालवणे हेच तर या शब्दाचे मूळ आहे.