सर्व्हर चालू होईना, म्हणजे डेटा गेला का?

वऱ्हाडात लग्नसराई आटोपेपर्यंत फोटोग्राफरच्या घरात काही टेराबाइट फोटो आणि व्हिडिओ साठलेले असतात. अमरावती असो की अकोला, ज्याला संगणकाची थोडीफार हौस आहे तो यावर स्वस्तातली तोड काढतो. जुन्या डेस्कटॉपच्या डब्यात तीन-चार मोठ्या हार्डडिस्क बसवायच्या, ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्टसारखी फुकट मिळणारी प्रणाली घ्यायची आणि ती एखाद्या पेनड्राइव्हवर किंवा छोट्या एसएसडीवर टाकायची. झाला घरचा सर्व्हर. मग मे महिन्यात, पारा पंचेचाळिशी ओलांडत असताना, दुपारी दोनदा लाइन जाते आणि येते. त्यानंतर डबा चालू होतो, पंखे फिरतात, पण काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ उमटते: बूट करायला डिस्क सापडत नाही.

‘गेलं सारं!’

बहुतेक वेळा काहीच गेलेलं नसतं. जे जातं ते पुढच्या तासाभरात, घाईघाईत केलेल्या उपचारांमुळे जातं.

पहिला आणि सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच, की बूट ड्राइव्ह मेली म्हणजे डेटा मेला. बूट ड्राइव्हवर फक्त प्रणाली आणि तिच्या सेटिंग असतात. फोटो दुसऱ्या डिस्कवर असतात. शिवाय त्या डिस्क एकमेकींना कशा जोडल्या आहेत, ही माहितीसुद्धा त्यांच्यावरच लिहिलेली असते. ट्रूनॅस ज्या झेडएफएस पद्धतीवर चालतं, ती सन मायक्रोसिस्टिम्सने घडवली आणि २००५ मध्ये खुली केली. तिच्यात प्रत्येक डिस्कवर ओळखपट्टीच्या चार प्रती असतात, दोन सुरुवातीला आणि दोन शेवटी. चार भावांपैकी प्रत्येकाच्या कपाटात वाटणीपत्राची प्रत असावी, तसा हा प्रकार. लिनक्सच्या रेडमध्येही, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडायच्या पद्धतीतही, ही नोंद सदस्य डिस्कवरच असते. सिनॉलॉजीच्या तयार डब्यात तर मुख्य प्रणालीच प्रत्येक डिस्कच्या एका छोट्या भागात ठेवलेली असते, त्यामुळे तिथे वेगळी बूट ड्राइव्ह जाण्याचा प्रश्न सहसा येतच नाही.

म्हणून ट्रूनॅसचा उपाय वाटतो त्यापेक्षा साधा आहे. नवी एसएसडी लावायची, प्रणाली नव्याने टाकायची आणि ‘इम्पोर्ट पूल’ म्हणायचं; पूल म्हणजे एकत्र जोडलेल्या डिस्कचा संच. डिस्क एकमेकींना ओळखतात आणि फोटो जसेच्या तसे दिसू लागतात. एक पथ्य मात्र पाळावं लागतं: नवी प्रणाली आधीच्याच आवृत्तीची किंवा तिच्या पुढची हवी. जुनी आवृत्ती टाकली, तर तिला पूलची नवी वैशिष्ट्यं कळत नाहीत आणि ती पूल उघडायलाच नकार देऊ शकते. कमांड देऊन पूल उघडणाऱ्याला कधीकधी ‘हा पूल दुसऱ्या यंत्रणेत वापरात होता’ असा इशारा दिसतो. तो वाचून अनेकांच्या पोटात गोळा येतो. खरं तर नवी प्रणाली म्हणजे डिस्कच्या दृष्टीने दुसरं यंत्रच. जुनी प्रणाली रीतसर निरोप न घेता मेली, एवढाच त्याचा अर्थ.

‘केबल कुठली कुठे होती ते आठवत नाही, आता संपलं,’ हीसुद्धा नेहमीची धास्ती. झेडएफएस आणि लिनक्स रेडला क्रमाशी देणंघेणं नसतं. केबल अदलाबदल झाल्या तरी चालतं. अनरेड ही प्रणाली वापरणाऱ्याने मात्र जपावं. तिथे डिस्कची नेमणूक बूटच्या पेनड्राइव्हवर लिहिलेली असते. ती हरवली आणि डेटाची डिस्क चुकून पॅरिटीच्या (बिघडलेल्या डिस्कचा मजकूर पुन्हा उभा करणाऱ्या डिस्कच्या) जागी लावली, तर तिच्यावरचा मजकूर पुसून पॅरिटी लिहिली जाते. म्हणून प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर आणि तिचं काम एका कागदावर लिहून तो डब्याच्या आत चिकटवावा. फोटोग्राफरला कागदही नको, मोबाइलवर एक फोटो काढला तरी भागतं.

खरी गोम दोन ठिकाणी आहे. नवी प्रणाली टाकताना इन्स्टॉलर विचारतो, कोणत्या डिस्कवर टाकू? यादीत एसएसडीही असते आणि चार टेराबाइटच्या डिस्कही. तिथे बाण एक ओळ खाली सरकला, एंटर दाबलं, की तोवर जिवंत असलेल्या डिस्कवर इन्स्टॉलर हात फिरवतो. त्यामुळे डेटाच्या सगळ्या डिस्कच्या केबल आधी काढाव्यात, डब्यात एकटी एसएसडी ठेवून प्रणाली टाकावी, मशीन बंद करून मगच बाकीच्या केबल लावाव्यात. पाच मिनिटांचा हा त्रास सगळ्यात जास्त डेटा वाचवतो.

दुसरी गोम विंडोजची. घाबरलेला माणूस एक डिस्क काढून घरच्या लॅपटॉपला लावतो. या डिस्कवरची मांडणी विंडोजला वाचता येत नाही, आणि ते तसं सरळ सांगतही नाही. कधी म्हणतं डिस्क इनिशिअलाइज करा, कधी म्हणतं वापरायच्या आधी फॉरमॅट करा, कधी डिस्क कोरीच असल्यासारखी दाखवतं. समोर ‘ओके’चं बटण असतं आणि बोट आपसूक तिकडे जातं. दुरुस्तीच्या दुकानात डिस्क टेबलावर ठेवली, की मुरलेल्या कारागिराचा पहिला प्रश्न असतो, ‘भाऊ, फॉरमॅट तर नाही ना मारला?’ तो उगाच विचारत नाही.

सेटिंग गेल्या म्हणून रडणाऱ्यांसाठीही बरी बातमी आहे. ट्रूनॅस आपल्या सेटिंगची रोज एक प्रत काढतं, आणि ‘सिस्टिम डेटासेट’ डेटाच्या पूलवर असेल तर ती प्रतही तिथेच सापडते. अर्थात सेटिंगची फाइल आधीच उतरवून दुसरीकडे ठेवणं केव्हाही सोयीचं. ज्यांनी पूल एन्क्रिप्ट केला आहे, त्यांच्यासाठी मात्र ही सोय नसून सक्ती आहे. तिथे किल्ली प्रणालीच्या सेटिंगमध्ये असते. बूट ड्राइव्ह गेली आणि किल्लीची प्रत कुठेच नसली, तर चारही डिस्क ठणठणीत असून काही उपयोग नाही. कुलूप त्याच हेतूने लावलेलं असतं.

आता उन्हाचं. वऱ्हाडात यंत्र बिघडलं की पहिला आळ उन्हावर येतो. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक हार्डडिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. तापमान आणि बिघाड यांचं नातं त्यांना अपेक्षेपेक्षा बरंच क्षीण आढळलं. खूप जास्त तापमानात आणि वय झालेल्या डिस्कमध्येच ते ठळक दिसलं. त्याच अभ्यासातली दुसरी नोंद जास्त अस्वस्थ करणारी आहे: बिघडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त, ५६ टक्के डिस्कनी ‘स्मार्ट’ या डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतल्या चार मुख्य इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. ‘सॉफ्टवेअर हिरवं दाखवतंय’ यावर विसंबून राहू नये, ते यासाठी.

पेनड्राइव्हच्या बाबतीत तर ऊन हा दुय्यम आरोपी. ट्रूनॅसचं आधीचं रूप म्हणजे फ्रीनॅस. ते पूर्वी पेनड्राइव्हवर बऱ्यापैकी चालायचं, कारण तिथे लिहिणं कमी होतं. २०१४ च्या अखेरीस आलेल्या ९.३ आवृत्तीत बूट ड्राइव्हवरही झेडएफएस आलं, लिहिणं वाढलं आणि स्वस्त पेनड्राइव्ह झिजून मरू लागले. आता एसएसडीच वापरावी असं सांगतात. तिलाही लिहिता लिहिता लाइन गेलेली मानवत नाही, म्हणून सर्व्हरला यूपीएस हवा. ‘घरात इन्व्हर्टर आहे की!’ हे उत्तर पुरेसं नाही. पंख्या-दिव्यांसाठी लावलेला इन्व्हर्टर लाइन बदलताना जेवढा क्षण घेतो, तेवढ्यात संगणक रिस्टार्ट होऊ शकतो.

बंद पडलेली डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला अजून फिरतो. मे महिन्यात फ्रीजरमधून बाहेर काढलेल्या डिस्कवर पाण्याचे थेंब धरतात. एवढं सांगितलं तरी बस.

सगळ्यात चिवट समजूत राहिली: ‘रेड आहे, म्हणजे बॅकअप आहे.’ रेड एक डिस्क मेली तर काम थांबू देत नाही, पण चुकीची कमांड सगळ्याच डिस्कवर सारख्याच इमानाने पाळली जाते. १९९८ मध्ये पिक्सारच्या ‘टॉय स्टोरी २’चा बराचसा भाग एका पुसून टाकणाऱ्या कमांडने गेला, आणि बॅकअपही नीट चालत नव्हते असं तेव्हा कळलं. चित्रपट वाचला तो त्याच्यावर काम करणाऱ्या गॅलिन ससमन यांच्यामुळे. बाळंतपणानंतर त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती.

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम तेच मागतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. ‘दुसरं ठिकाण म्हणजे क्लाउडच’ असं मात्र नाही. १०० एमबीपीएसचा अपलोड पूर्ण वेगाने मिळाला, तरी चार टेराबाइट चढवायला ८९ तास लागतात. तोच डेटा एका हार्डडिस्कवर घेऊन अमरावतीहून अकोल्याला मामाकडे ठेवायला एसटीने एक सकाळ पुरते. मामाकडची डिस्क तेवढी दिवाळीला परत आणून लॅपटॉपला लावावी आणि पाच-पन्नास फोटो उघडून बघावेत. ही बॅकअपची डिस्क विंडोजवरच तयार केलेली असेल, तर फॉरमॅटचा प्रश्नही समोर येत नाही.